नाचणार की बसणार

त्या दिवशी दुपारी ताई जेवायला घरी आली, तेव्हा हसणं तिला जिन्यातच भेटलं. आईचं हसणं लांबूनही ओळखू यायचं. आधी नाकातून फुसकन सुटायचं, मग छातीत भरायचं आणि शेवटी खोकल्यात जाऊन पडायचं. त्याला बिलगून दुसरं हसणं येत होतं, फरशीवर गोट्या सांडाव्यात तसं. ते भिंगरीचं.

ताई दोन पायऱ्या अलीकडेच थांबली. पर्समध्ये किल्ली शोधायला थांबली असं कुणालाही वाटलं असतं. दार मात्र सताड उघडं होतं.

भिंगरी म्हणजे खालच्या बेकरीवाल्यांची सून. कागदोपत्री तिला चांगलं चार अक्षरी नाव होतं. पण सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती या गल्लीत आली आणि त्याच वर्षीच्या मेळ्यात तिला नाचताना बघून आईनं तिला हे नाव ठेवलं. ते इतकं चिकटलं की तिचा नवराही त्याच नावानं हाका मारू लागला. ताईला मात्र सगळी गल्ली ताईच म्हणायची. तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा.

आत भिंगरी खोलीच्या मधोमध उभी होती. अंगात टाचण्यांनी भरलेला निळा झगा, त्याला अजून एकच बाही, तीही नुसती टाचलेली, आणि दोन्ही हात वर करून बाई जागच्या जागी उड्या मारत होती. आई मशीनशेजारच्या स्टुलावर, गळ्यात टेप, तोंडातल्या टाचण्या सावधपणे हातात काढून घेतलेल्या.

"अगं हळू. खाली भट्टीतला पाव बसेल."

"बसू दे की काकू. सासरे म्हणतील, आज माल चपटा निघाला, सुनेला नवा झगा झाला वाटतं."

पुन्हा फुसकन, पुन्हा खोकला. मग दोघींचं ताईकडे लक्ष गेलं. हसणं थांबलं नाही. थांबलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. ते फक्त खाली उतरलं, घरात पाहुणा आल्यावर रेडिओचा कान पिळावा तसं.

"आलीस? वाढतेच हं," आई म्हणाली.

मेळा पाच दिवसांवर आला होता. वर्षातला तो एक दिवस गल्ली वाहनांना बंद व्हायची. दुकानं दुपारीच मिटायची, चौकात बँड यायचा आणि दिवेलागणीपर्यंत नाच चालायचा. मेळ्याला प्रत्येकाच्या अंगावर नवा कपडा हवाच, आणि निम्म्या गल्लीचे कपडे आईच्या मशीनवर शिवले जात. मेळ्याच्या कपड्याचं माप घेताना आई टेप उलगडायच्या आधी एकच प्रश्न विचारायची, "नाचणार की बसणार?"

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. बसणाऱ्याचं माप ती हात खाली सोडून घ्यायची आणि बाही मुंढ्यात अशी बसवून द्यायची की एक सुरकुती दिसायची नाही. नाचणाऱ्याला मात्र ती हात वर करायला लावायची. मग बाही जिथे अंगाला मिळते तिथे, बगलेत, पतंगाच्या आकाराचा एक चौकोनी तुकडा घालायची. त्या तुकड्यामुळे हात कितीही वर गेला तरी शिवण ताणायची नाही. हात खाली असला की तुकडा घडीत जाऊन बसायचा, दिसायचाही नाही. आई त्याला पतंगच म्हणायची. मापाच्या वहीतही नाचणाऱ्याच्या पानावर ती एक छोटा पतंग काढायची. भिंगरीच्या पतंगाला दर वर्षी एक, अशा सहा शेपट्या झाल्या होत्या.

ताईच्या पानावर पतंग नव्हता.

"तुझं माप राहिलंय," ताट पुढे सरकवत आई म्हणाली.

"मागच्या वर्षीचं आहे ना वहीत."

"मागच्या वर्षीचं अंग राहिलंय का तुझं? बरं, ते असू दे. विचारायचं ते विचारते. नाचणार की बसणार?"

भिंगरी पडद्याआड झगा उतरवत होती. तिथूनच बोलली, "ताई, या वर्षी म्हणूनच टाका नाचणार. तुम्ही माझ्या पायावर पाय द्या, मी तुमच्या पायावर देते, फिटंफाट."

"बसणार," ताई म्हणाली. "आणि दर वर्षी तेच काय विचारतेस, आई? मी काय गिऱ्हाईक आहे?"

"गिऱ्हाइकं निदान मन बदलतात," आई म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला.

ताई जेवली. भाजीत मीठ कमी आहे म्हणाली. वाचनालयात परत जाताना वरच्या खिडकीतून मशीनचा आवाज गल्लीभर येत होता, तो तिनं मुद्दाम ऐकला असं काही नाही. रोजचाच होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती नव्या पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवत होती, तेव्हा बेकरीतून फोन आला.

भिंगरी गरम पाव घेऊन वर गेली होती. आई मशीनवरच होती, निळ्या कापडावर डोकं टेकून, डुलकी लागल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसावा. ताई पोचली तेव्हा आईचा हात भिंगरीच्या दोन्ही हातांत होता. आल्यापासून तो तिनं सोडला नव्हता म्हणे, अर्धा तास. तो हात आता आपल्याकडे मागायचा कसा, हे ताईला कळेना. अशा वेळी काय म्हणतात, ते तिनं वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. ती मशीनपाशी उभी राहिली आणि आईजवळची जागा मोकळी होण्याची वाट बघत राहिली.

भिंगरी रडली ती गळा मोकळा सोडून. नाक गळतंय, केस सुटलेत, कशाचं भान नाही. येणारी प्रत्येक बाई आधी तिच्याकडे जाई, तिला पोटाशी धरी, पाणीसुद्धा आधी तिलाच दिलं गेलं. ताई खालून वर खुर्च्या आणवत होती. डॉक्टरांच्या सहीचा कागद कुठे आहे, कुणाला कळवायचं राहिलंय, हे बघत होती. तिचे डोळे कोरडे होते.

"किती सावरलंय हो स्वतःला," कुणीतरी म्हणालं. "शेवटी हेडमास्तरांची मुलगी."

हे कौतुक तिनं जन्मभर ऐकलं होतं. त्या दिवशी ते तिला गळ्याशी घट्ट झालेल्या बटणासारखं वाटलं.

हेडमास्तर म्हणजे तिचे वडील. गल्लीतली शाळा त्यांनी सव्वीस वर्षं चालवली, आणि मेळ्यात पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्या त्यांच्या घरच्या म्हणून ठरून गेल्या. पहिली रांग हे वेगळंच प्रकरण होतं. तिथल्या खुर्च्यांना पांढरे अभ्रे असत. तिथली माणसं मेळा बघायला येत नसत, मेळ्यात दिसायला येत. ताल धरायचा तो बुटाच्या आत, अंगठ्यानं. टाळ्या वाजवायच्या त्या दोन बोटांनी. दातांच्या डॉक्टरांची बायको दर वर्षी तिथे बसे, आणि नवरा दातांचा डॉक्टर असूनही तिचे स्वतःचे दात गल्लीत कुणी पाहिले नव्हते.

नऊ वर्षांची असताना ताई एकदा त्या रांगेतून निसटली होती. बँड अगदी समोर होता, मोठ्या ढोलाचा आवाज पोटात वाजत होता, आणि तिचे पाय तिला न विचारता निघाले. दोन गाणी ती नाचली असेल. मग तिनं मागे पाहिलं. वडिलांनी हाक मारली नाही. फक्त एक बोट वर करून आत वळवलं. ती परत येऊन बसली. "लोक बघतात," ते हळू आवाजात म्हणाले. रागावून नाही, व्याकरणाचा नियम सांगावा तसे. पलीकडे आई मांडीवरच्या रुमालाच्या घड्या घालत राहिली. एक घडी, तिची अर्धी, तिची आणखी अर्धी.

वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच मेळ्यात बँड सुरू झाला आणि आई खुर्चीतून उठली. अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे धरलेली बाई. तिनं ताईपुढे हात केला. "चल."

"आई, लोक बघतायत," ताई म्हणाली. शब्द वडिलांचे आणि आवाजही जवळपास त्यांचाच.

आईचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग ती एकटी गेली. लोक खरोखरच बघत होते. हेडमास्तरीणबाई नाचतायत ही बातमी आठवडाभर पुरली. दुसऱ्या वर्षी बातमी शिळी झाली. तिसऱ्या वर्षी भिंगरी आली आणि तो हात तिनं धरला.

तेव्हापासून ताई दर मेळ्याला पांढऱ्या अभ्र्यावर बसून त्या दोघींकडे बघत आली होती. नाचणाऱ्या बाकीच्या दीडशे माणसांचं तिला काही वाटायचं नाही. आईचा चेहरा मात्र तिच्या डोळ्यांत खुपायचा. घाम आलेला, केस कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं, पुढचा एक पडलेला दात दाखवणारा. हा चेहरा घरी कधी दिसत नसे. घरची आई प्रेमळ होती, कामसू होती, पण ही बाई तिथे राहत नव्हती. ती फक्त मेळ्यात यायची आणि भिंगरीला भेटून जायची. मत्सराबद्दल लिहिलेलं पुष्कळ काही ताईच्या हाताखालून गेलं होतं. पुस्तकातल्या मत्सराला मोठेपणा असायचा, त्यात राज्यं बुडायची. तिचा मत्सर टाचणीएवढा होता आणि टाचणीसारखाच, उठता-बसता, कुठेतरी टोचायचा.

मेळा महिनाभर पुढे ढकलला गेला. मंडळाचे अध्यक्ष असलेले औषधवाले स्वतः वर येऊन सांगून गेले. जाताना दाराशी घुटमळले.

"ताई, ते खुर्च्यांचं... दोन ठेवायच्या, की..."

"दोन," ताई म्हणाली.

"बरोबर, बरोबर. दोनच हव्यात," असं म्हणत ते दोन पायऱ्या चुकवून जिना उतरले.

गेली आठ वर्षं आईची खुर्ची तशीही रिकामीच असायची. पण ती नाचायला गेलेल्या माणसाची रिकामी खुर्ची होती. ताईला हा फरक औषधवाल्यांची पावलं जिन्यात विरेपर्यंत लक्षात आला नव्हता.

निळा झगा मशीनवर होता तसाच होता, वर कुणीतरी चादर टाकली होती. त्याला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. लागलेल्या बाहीतला पतंग शिवून झाला होता. दुसरी बाही आणि तिचा पतंग टाचणीनं एकत्र लावलेले, चादरीखालीच बाजूला होते. भिंगरी रोज पाव घेऊन वर येई, मशीनकडे बघे आणि काही न मागता जाई. ती मागत नव्हती याचाही ताईला रागच येई. मागितला असता तर नाही म्हणता आलं असतं.

मेळ्याला चार दिवस उरले तेव्हा ताईनं ठरवलं, झगा पुरा करून द्यायचा. आईचं काम अर्धवट राहू नये. इथवर तिच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे सांगायला हवं. शिवण तिला येत होती. हेडमास्तरांच्या मुलीनं मशीनवर बसावं हे वडिलांना पसंत नव्हतं, म्हणून ती कधी बसली नाही इतकंच. पण मशीनशेजारच्या स्टुलावर पुस्तक घेऊन बसण्यात तिचं लहानपण गेलं होतं, आणि डोळे पुस्तकात असले तरी कान आणि मन मशीनकडे असायचं. रविवारी सकाळी खिडकी उघडून तिनं मशीन पुसलं, तेल घातलं, दोरा ओवला आणि बाहीचं माप बघायला आईची वही उघडली.

भिंगरीचं पान सापडायला वेळ लागला, कारण त्यावर भिंगरीचं नाव नव्हतं. सहा शेपट्यांच्या पतंगावरून ते ओळखू आलं. नावाच्या जागी आईनं लिहिलं होतं, "पोरगी."

ताईनं पानं उलटली. बेकरीवाले. औषधवाले, पोट सैल ठेवणे. डॉक्टरीणबाई, बसणार. मग तिचं स्वतःचं पान आलं. त्यावर आईच्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, "ताई."

म्हणजे गल्ली म्हणायची तेच. आईनंही.

तिनं वही मिटली. मग तिनं झगा उलटा केला, आईचं उसवायचं पातं घेतलं आणि लागलेल्या बाहीतला पतंग एकेक टाका तोडून काढला. आईची टीप बारीक होती, मुंग्यांच्या रांगेसारखी. ती उसवायला तास गेला. उरलेल्या फटी तिनं दाबून घेतल्या, दोन्ही बाह्या हात खाली सोडलेल्या माणसाच्या मापानं मुंढ्यात बसवल्या, आणि घट्ट टीप मारली. सुरकुती नव्हती. झगा खुंटीला टांगला तर देखणा दिसत होता. दोन्ही पतंग तिनं मोठ्या शब्दकोशात ठेवले आणि शब्दकोश फळीवर परत ठेवला.

तिला काय हवं होतं, हे तिला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. भिंगरीचे हात एकदा खाली राहावेत. एकदा तिनंही कोपर अंगाशी दाबून, लोक बघतायत म्हणून, कडेला येऊन उभं राहावं. एवढंच.

संध्याकाळी ती झगा घेऊन बेकरीत उतरली. भिंगरी पिठानं माखली होती.

"झाला होता पुरा," ताई म्हणाली. "आईचं शेवटचं काम."

खोटं बोलताना तिची जीभ जराही अडखळली नाही. भिंगरीनं पिठाचे हात आधी पोटाशी पुसले, मग झगा घेतला आणि त्यात तोंड खुपसून तिथेच, पावाच्या ट्रेसमोर, गिऱ्हाइकांदेखत रडायला लागली.

"अगं, डाग पडतील," तिची सासू म्हणाली.

"पडू देत," झग्यातून आवाज आला.

आता रडण्यातही हिचाच नंबर पहिला, असं ताईच्या मनात आलं. ती वर निघून आली.

मेळ्याच्या दिवशी दुपार ढळताना ताई आपल्या खुर्चीत जाऊन बसली. राखाडी कपडे, मागच्या वर्षीचेच. डाव्या हाताला आईची खुर्ची, उजव्या हाताला दातांच्या डॉक्टरीणबाई. डॉक्टरीणबाईंनी तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. टाळ्या वाजवायची तीच दोन.

"आलात हे फार चांगलं केलंत. घराण्याची रीत मोडू नये."

बँड सुरू झाला. बेकरीवाले नाचायला उतरले, त्यांच्यामागे औषधवाले, सैल पोट सांभाळत. भिंगरी आली तेव्हा गर्दीनं तिला वाट करून दिली. निळा रंग तिला खुलून दिसत होता. पहिलं गाणं ती बेतानं नाचली, हात छातीशीच. ताई बघत होती. हिच्या अंगात आज बळ नाही, असं तिला वाटलं, आणि ते वाटून बरंही वाटलं. दुसरं गाणं आईचं आवडतं होतं. भिंगरीनं आकाशाकडे पाहिलं आणि दोन्ही हात एका झटक्यात वर टाकले.

आवाज ऐकू यायला बँड फार मोठा होता. पण डावी बगल उसवून थेट बरगडीपर्यंत गेली, ते पहिल्या रांगेला स्वच्छ दिसलं. आतला पांढरा अस्तराचा कपडा बाहेर आला. ताईचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. आता. आता ती कोपर दाबेल.

भिंगरीनं वाकून बगलेकडे पाहिलं. मग तिनं त्या भोकात हात घातला, पलीकडून बोटं बाहेर काढली आणि ती सासूच्या तोंडासमोर हलवली.

"अहो, वारा लागतोय छान. तुम्हाला हवाय का?"

"चल, निर्लज्ज कुठली," सासू म्हणाली आणि हसून हसून खाली बसली. बेकरीवाले ओरडले, "दुसरी बाजू तरी कशाला उकाड्यात ठेवतेस?" आणि भिंगरीनं पुढच्या ठेक्यावर दुसरा हात असा फेकला की उजवी बगलही गेली. चौक हसण्यानं भरून गेला. नाचत नव्हती ती माणसंही उतरली. त्या वर्षी मेळ्याला जी रंगत आली, ती तिथून पुढे आली.

ताईच्या अंगाची लाही झाली. झगा फाटला, आणि तोही हिलाच लाभला.

मग बँडवाले पाणी प्यायला थांबले, आणि भिंगरी धापा टाकत सरळ पहिल्या रांगेकडे आली. आईच्या खुर्चीत ती बसली, पाय पसरून, जणू खुर्ची तिच्यासाठीच ठेवलेली होती.

"ताई, पिन असेल ना? तुमच्याकडे सगळं असतं."

ताईनं पर्समधून पिन काढली. फाटलेली शिवण जुळवताना तिला आपलीच टीप दिसली, तुटलेल्या दोऱ्यांची, लांब लांब टाक्यांची. आईच्या टाक्यांत ती कुणालाही वेगळी दिसली असती. भिंगरी तिकडे बघत नव्हती.

"घालतानाच कळलं होतं मला," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"पतंग नाहीयेत ते. हातच वर जाईनात. पहिल्या गाण्याला म्हटलं सांभाळून घेऊ." तिनं तोंडावरचा घाम बाहीला पुसला. "काकूंना आदल्या दिवसापासूनच बरं नसणार. नाहीतर त्या पतंग विसरतील? आणि मी तिथे उड्या मारत होते, हसत होते. एकदा तरी विचारायचं ना, काकू, बरं वाटतंय ना म्हणून."

तिचा आवाज चिरकला. ताईच्या हातातली पिन तशीच राहिली.

"म्हणजे मास्तरीणबाईंनीच शिवला होय हा?" डॉक्टरीणबाई पुढे वाकल्या. "तरीच. मी म्हणतच होते, शेवटी शेवटी त्यांचा हात गेला होता."

"वय झालं की व्हायचंच," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"माझ्याही जाकिटाची शिवण बघायला हवी घरी जाऊन," औषधवाले म्हणाले. त्यात वाईट हेतू काही नव्हता. त्यांनी खरोखरच हात वर करून बगल चाचपली. त्यांच्याजवळच्या दोघांनीही आपापली चाचपली.

ताई बघत राहिली. चाळीस वर्षं आईनं या गल्लीचे हात वर जाऊ दिले होते. त्यातला एक कपडा कधी बगलेत गेला नव्हता. आता या चौकात, हसत हसत, कुणाचाही राग-लोभ नसताना, ते पुसलं जात होतं. उद्या बेकरीत बोलणं होईल, परवा औषधांच्या दुकानात. पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणेल, शेवटचा झगा बाईंनी बिघडवला होता, आठवतं? आणि भिंगरी म्हणेल, त्यांना बरं नव्हतं हो. ती जन्मभर तसं म्हणत राहील आणि स्वतःला दोष देत राहील.

गप्प बसणं सोपं होतं. त्यात तर ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती उठून उभी राहिली. बँड थांबलेला असल्यामुळे तिचा आवाज तिला वाटला त्याहून लांब गेला.

"आईचा हात गेला नव्हता."

पहिली रांग वळली. दुसरीही.

"दोन्ही पतंग तिनं कापून ठेवले होते. एक तर लावूनही झाला होता. मी उसवला. झगा मी पुरा केलाय, आणि मुद्दाम घट्ट केलाय. ते दोन तुकडे घरी आहेत, शब्दकोशात. कुणाला बघायचे असतील तर दाखवते. आई काही विसरलेली नाही."

डॉक्टरीणबाईंचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं, आणि त्यांचे दात त्या दिवशी गल्लीनं पहिल्यांदा पाहिले. चांगले होते. भिंगरीच्या सासूनं डोक्याला हात लावला, तो खाली घ्यायचा विसरून गेली. लोक बघत होते. वडिलांनी सांगितलं होतं तसेच, सगळेच्या सगळे. ताई खाली बसली नाही.

भिंगरी आईच्या खुर्चीतून तिच्याकडे वर बघत होती. रागावलेली दिसत नव्हती. लहान मुलाला फटका बसावा आणि तो का बसला हे कळू नये, तशी दिसत होती.

"पण का हो, ताई? मी काय केलं होतं?"

ताईचे डोळे भरून आले. नाक गळायला लागलं आणि तिनं ते पुसलं नाही.

"आई दर वर्षी मला विचारायची ना, नाचणार की बसणार," ती म्हणाली. "मी बसणार म्हणायचे. खोटं सांगायचे तिला. मला नाचायचं होतं गं. दर वर्षी. तिच्याबरोबर, तुझ्या जागी."